रायफल की पिस्तूल? दोन वर्षं दोन्ही घरात ठेवल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, लांबण लागणार आहे. ज्यांना फक्त "कुठलं घेऊ ते सांग" एवढंच हवंय त्यांच्यासाठी उत्तर असं: घरात एकटे असाल किंवा सगळे एकाच खोलीत झोपत असाल तर रायफल, आणि रात्री उठून दुसऱ्या खोलीतून पोरांना उचलून आणावं लागणार असेल तर पिस्तूल. बाकीच्यांनी पुढे वाचा. आणि हो, हे सगळं जिथे कायद्याने दोन्ही गोष्टी घरात ठेवता येतात आणि कागदपत्रं रीतसर झालीयत असं धरून लिहितोय. तुमच्याकडे चालत नसेल तर विषयच संपला, भक्कम दार, चांगली कडी आणि बाहेर एक लाइट यावर खर्च करा, जो खर्च बंदुकीच्या आधीच करायचा असतो पण कोणी करत नाही, मी पण केला नव्हता.

माझ्याकडे पिस्तूल म्हणजे ग्लॉक १९ आणि रायफल म्हणजे १६ इंची नळीची एआर-१५ पद्धतीची. दोन्ही एकदम कॉमन म्हणून तुलना बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. एआरमधला ए म्हणजे असॉल्ट असं ज्याला त्याला वाटतं, तर तसं नाहीये, ते आर्मालाइट कंपनीचं नाव आहे, यूजीन स्टोनरने १९५० च्या दशकात तिथे हे डिझाइन केलं आणि १९५९ मध्ये कंपनीने हक्क कोल्टला विकले. सामान्य माणसाला मिळते ती सेमी ऑटो, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी. ग्लॉक १९ आली १९८८ मध्ये, मोठी बहीण ग्लॉक १७ तिच्या आधी सहा वर्षं. पॉलिमरची बॉडी, मॅगझीनमध्ये १५ गोळ्या, भरलेलं वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. रायफलला ३० ची मॅगझीन, रेड डॉट (म्हणजे लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच), टॉर्च आणि पट्टा लावला की चार किलोकडे जाते. हे चार किलो दुकानात काहीच वाटत नाहीत. पहाटे तीनला अर्धवट झोपेत पाच मिनिटं दारावर रोखून धरून बघा, मग कळतं.

मी आधी रायफल घेतली होती. कारण एकच, नेम. पिस्तूल हे माणसाने बनवलेल्या सगळ्यात अवघड हत्यारांपैकी एक आहे हे मला रेंजवर पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. सिनेमात एका हाताने धाड धाड उडवतात आणि माणसं पडतात, प्रत्यक्षात सात मीटरवरच्या कागदाच्या चेहऱ्याला भोकं पाडताना घाम फुटतो. याचं गणित साधं आहे. ग्लॉक १९ वर पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जेमतेम १५ सेंटीमीटर. पुढची माशी एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी सात मीटरवर गोळी साडेचार सेंटीमीटर बाजूला जाते, आणि घाबरलेल्या माणसाचा हात एकच मिलिमीटर हलेल असं कोण म्हणतंय. रायफलला दोन हात, खांदा आणि गाल असे चार आधार असतात, वर रेड डॉट असेल तर फक्त लाल ठिपका बघायचा, बाकी काही जुळवायचं नाही. नवख्या माणसाच्या हातात रायफल द्या, अर्ध्या तासात तो बऱ्यापैकी मारायला लागतो. पिस्तुलाला महिने जातात, आणि दोन महिने सराव सोडला की परत येरे माझ्या मागल्या.

बायकोला पहिल्यांदा रेंजवर नेलं तेव्हाचं सांगतो. तिला पिस्तूल दिलं तर आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, तोच ओढेना. स्प्रिंग कडक असते, आणि सगळे जण ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ओढायला जातात, तशी ती येत नाही, वरून पूर्ण मुठीत धरून पिस्तूल पुढे ढकलायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी तिला सांगितलं नाही, शेजारच्या लेनमधल्या एका काकूंनी येऊन दाखवलं. मग गोळ्या उडाल्या, तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं. पिस्तुलाची चूक नव्हती, मनगट सैल होतं. स्लाइडला मागे जायला घट्ट आधार लागतो, हातच मागे गेला तर रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही. दहा गोळ्यांत कागदावर सहा लागल्या आणि त्याही चहूकडे. मग रायफल. तीच बाई, तोच दिवस, तेच अंतर, दहाच्या दहा तळहाताएवढ्या जागेत. वर मला म्हणते, "अरे मग हीच ठेवूया ना, ते खेळणं कशाला?"

रायफलचा झटका पिस्तुलापेक्षा जास्त असेल असं वाटतं ना, मलाही वाटायचं. रायफलची ५.५६ ची गोळी असते साडेतीन ग्रॅमची, चिंचोक्याएवढी म्हणा, जाते मात्र सेकंदाला ९०० मीटरच्या वर. पिस्तुलाची ९ एमएमची गोळी साधारण आठ ग्रॅमची, वेग साडेतीनशे मीटरच्या आसपास. ताकदीत रायफल तिपटीच्या घरात जाते, पण बंदूकच चार किलोची असल्याने खांद्याला नुसता टपली मारल्यासारखा धक्का बसतो. पिस्तूल मात्र दर गोळीला हातात उडी मारतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की संपलं, रायफल जिंकली. मीही वर्षभर हेच धरून चाललो होतो. घोडं कुठे पेंड खातं ते घरात फिरून बघितल्यावर कळलं, आणि माझं म्हणणं आहे की या विषयावर बोलणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी हे केलेलंच नसतं. सगळी चर्चा रेंजवरच्या कागदाची.

मी काय केलं, रायफलच्या लांबीची, म्हणजे साधारण ८५ सेंटीमीटरची एक काठी घेतली (खरी बंदूक घेऊन घरात असले प्रयोग करू नका, रिकामी असली तरी नाही) आणि रात्री दिवे बंद करून आमच्या बेडपासून मुलांच्या खोलीपर्यंत गेलो. अंतर किती, मोजून अकरा पावलं. मध्ये एक दार, एक वळण, परत एक दार. काठी खांद्याला लावून वळणावर गेलं की तुमच्या आधी काठीचं टोक तिकडे पोचतं, आणि पलीकडे कोणी उभं असेल तर त्याला आयतं धरायला. टोक खाली घेतलं तर निघून जातं पण वर आणायला वेळ. बरं, मुलांच्या खोलीची कडी उघडायला एक हात सोडावा लागतो, तो सोडला की चार किलो एका हातावर. आत गेलो. धाकटा पाच वर्षांचा, तो झोपेत उठून चालणाऱ्यातला नाही, त्याला कडेवरच घ्यावं लागतं, मोठीला हाताला धरून. म्हणजे आता एक हात पोराखाली, एका हाताला पोरगी, काठी कुठे? पट्टा आहे म्हणा, गळ्यात अडकवली, तर दर पावलाला पोराच्या गुडघ्यावर आपटतेय आणि नळी कुठे बघतेय ते मला अंधारात सांगता येईना. तो जागा होऊन विचारतो, "बाबा, काठी का?"

हेच प्लास्टिकच्या निळ्या ट्रेनिंगच्या पिस्तुलाने केलं. ते छातीशी जवळ धरून वळणावरून जाता येतं, कडी उघडता येते, पोराला डाव्या कडेवर घेऊन उजव्या हातात ते जमिनीकडे धरता येतं, फोन कानाशी लावता येतो. एका हाताने मारलं तर नेम निम्मा होतो हे मान्यच आहे, पण निदान मारता तरी येतं. त्या रात्री मी पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

पिस्तुलाचा एक वांधा कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. रात्रीच्या कपड्यांना ना बेल्ट ना खिसा, आणि ग्लॉकला वेगळी सेफ्टीची कळ नसते, ट्रिगरमध्येच एक पाती असते, ती दाबून ट्रिगर ओढला गेला की गोळी उडते, मग ओढणारं बोट असो की कापड. डिझाइन चांगलंच आहे, पण याचा अर्थ ते पायजम्याच्या नाडीत खोचायचं नाही, कधीच नाही. म्हणजे एकदा हातात घेतलं की दोन्ही हात मोकळे करायची सोय नाही, खाली ठेवायचं म्हटलं तर कुठे ठेवणार, पोरं तिथेच. मी तिजोरीशेजारी ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर लावलेला एक जाडा बेल्टच ठेवलाय, टीशर्टवरून कमरेला बांधायचा. दिसतो विनोदी, काम करतो.

आता भिंती. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना वाटतं रायफलची गोळी चार घरं पार करेल आणि पिस्तुलाची मेली बिचारी भिंतीत थांबेल. जिप्सम बोर्डच्या भिंती असतील तर दोन्ही समज सोडून द्या. दोन्ही गोळ्या आतल्या दोन-तीन भिंती आरामात पार करतात. उलट हलकी, वेगवान ५.५६ ची गोळी पहिल्या बोर्डाला लागली की बऱ्याचदा कोलांट्या खायला लागते, कधी तुटते, आणि लवकर दमते. ९ एमएमची जड गोळी मात्र सरळ पुढे जात राहते. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली आणि आत गेल्यावर फुलणारी गोळी घेतली तरी त्या खळग्यात बोर्डाची पांढरी भुकटी ठासून बसते, मग ती फुलत नाही, साध्या गोळीसारखीच वागते. भिंत भरीव विटांची किंवा काँक्रीटची असेल तर गोष्ट वेगळी, पण दारं आणि खिडक्या कुणाच्याच विटांच्या नसतात. म्हणून "रायफल जास्त आरपार जाते" या एका कारणाने पिस्तूल घेणार असाल तर ते कारण लंगडं आहे.

आत किती जायला हवी याचं जे माप आज सगळे वापरतात त्यामागे पण एक गोष्ट आहे. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली, त्यात दोन एजंट गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी दंडातून छातीत लागली होती पण ती हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो पुढे मारतच राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच जावी अशी कसोटी ठरवली. मध्ये १० एमएम आणि .४० या मोठ्या गोळ्या करून फिरून शेवटी परत ९ एमएमवरच आले, कारण गोळ्याच सुधारल्या. तुम्ही घरासाठी घ्याल ती गोळी या कसोटीला उतरलेली हॉलो पॉइंट असावी, आणि रेंजवरची स्वस्त गोल टोकाची गोळी घरात भरून ठेवू नये, एवढं यातून घ्या.

तर भिंतींचं मी काय केलं. बायकोकडून लोकरीचा गुंडा घेतला. मी जिथून मारेन अशा दोन जागा ठरवल्या, एक बेडच्या पलीकडची आणि एक पॅसेजच्या तोंडाची. तिथून माणूस उभा राहील अशा जागांपर्यंत छातीच्या उंचीवर लोकर ताणली, आणि मग तीच रेघ भिंतीच्या पलीकडे कुठे निघते ते मोजून पलीकडच्या खोलीत परत टेप लावून चिकटवली. पहिली रेघ स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर गेली, ठीक. दुसरी मुख्य दारातून बाहेर, म्हणजे रस्त्यावर, वाईट. तिसरी पॅसेजच्या तोंडावरून निघाली, बाथरूमचा कोपरा कापला आणि मुलांच्या खोलीत धाकट्याच्या उशीच्या एक वीत वर संपली. मी ती लोकर धरून तिथे उभा होतो, बायको दारात होती, दोघंही काही बोललो नाही. म्हणजे मी पोरांना वाचवायला निघालो असतो आणि माझी चुकलेली गोळी कुठे गेली असती ते समोर गुलाबी लोकरीने काढलेलं होतं. रायफल असो नाहीतर पिस्तूल, ती रेघ तीच राहते.

जेफ कूपर म्हणून अमेरिकेत एक निवृत्त मरीन अधिकारी होते, त्यांनी १९७६ मध्ये गनसाइट नावाची शाळा काढली, त्यांचे चार नियम जगभर शिकवतात. बंदूक भरलेलीच आहे असं धरा, जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्यावर नळी नेऊ नका, नेम बसेपर्यंत ट्रिगरवर बोट नको, आणि चौथा, लक्ष्य कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असू द्या. पहिले तीन सगळ्यांना पाठ असतात. चौथा मला लोकरीने शिकवला.

आवाजाचं थोडक्यात. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो, आणि पिस्तूल काय रायफल काय, दोन्ही दीडशेच्या वरच. पण बंद खोलीत रायफल म्हणजे कानाखाली बॉम्ब, वर छोट्या नळीतून निघणारा जाळ अंधाराला सरावलेले डोळे दिपवून टाकतो. रेंजवर एकदा शेजारच्याने मारलं तेव्हा माझा हेडफोन जरा सरकलेला होता, दोन दिवस कानात कुकरची शिट्टी. आता इलेक्ट्रॉनिक हेडफोन तिजोरीपाशीच ठेवलेत, जे मोठा आवाज दाबतात आणि बारीक आवाज वाढवून ऐकवतात, ते घातले की पॅसेजमधली पावलं उलट जास्त नीट ऐकू येतात. अपेक्षा नव्हती, आवडलं.

तिजोरीबद्दल तक्रार आहे. पिस्तुलाचा मोठा फायदा म्हणून सगळे सांगतात की बेडशेजारी छोटी बोटाच्या ठशाची तिजोरी ठेवता येते, दोन सेकंदांत उघडते. माझी घेतली ती नामांकित वगैरे आहे, नाव घेत नाही. एका रात्री साडेबाराच्या सुमारास मुख्य दाराचं कुलूप खडखडलं. मी उठलो, बोट ठेवलं, लाल दिवा. परत ठेवलं, लाल. झोपायच्या आधी भेगांना क्रीम लावलं होतं हो हातापायाला! तिसऱ्यांदा पण लाल, मग ती म्हणते एक मिनिट थांबा, अक्षरशः लॉक होऊन बसली. तोवर बायकोने हातातली टॉर्च घेऊन, बेडरूमच्या दारातूनच पॅसेजच्या टोकाला उजेड मारला आणि मोठ्याने विचारलं, "कोण आहे?" तर भाचा. परीक्षा झाली म्हणून एक दिवस आधी आलेला, किल्ली त्याच्याकडे असतेच, फोनची बॅटरी संपलेली. "मामी, मी आहे, लाइट बंद कर ना," म्हणाला. मी अजून तिजोरीशी झटापट करतोय.

त्या तिजोरीला मी शिव्या घातल्या आणि नंतर दोन दिवसांनी विचार आला की ती उघडली असती तर. म्हणून आता ती बदलून बटणं दाबायची यांत्रिक घेतलीय, बॅटरी नाही, ठसा नाही, अंधारात बोटांनी चाचपून चार बटणं. पण त्याहून मोठा बदल टॉर्चचा. बंदुकीवर लावलेली टॉर्च ही गोळी मारताना बघायला असते. नुसतं कोण आहे बघायला ती वापरायची म्हणजे त्या माणसावर भरलेली नळी रोखायची, आणि तो माणूस भाचा असू शकतो. म्हणून वेगळी हातातली टॉर्च पाहिजेच. आणि इथे परत पिस्तूल पुढे जातं, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पिस्तूल जमिनीकडे. रायफलला दोन्ही हात लागतात, टॉर्च कोण धरणार? दोन माणसं असतील तर दुसऱ्याने धरावी, एकटे असाल तर भिंतीवरचं बटण दाबा, घराचा लाइट लावणं ही पण एक युक्ती आहे आणि फुकट आहे.

रायफल घेतलीच तर एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकून घ्या. एआरवर रेड डॉट नळीपासून साधारण साडेसहा सेंटीमीटर वर असतो. लांबवर याने काही बिघडत नाही कारण नेम तिथे जुळवलेला असतो, पण तीन-चार मीटरवर गोळी ठिपक्याच्या जवळजवळ तेवढीच खाली लागते. म्हणजे तुम्ही कोपऱ्यावरून ठिपका बघताय, समोर मोकळं दिसतंय, आणि नळीसमोर मात्र दाराची चौकट आहे. रेंजवर मी फळीच्या आडून मारताना फळीलाच भोक पाडलं, तुकडे तोंडावर आले, चष्मा होता म्हणून वाचलो. फळीवर पेनने तारीख लिहून ठेवायची तिथल्या लोकांची पद्धत आहे, माझी तारीख अजून आहे.

शॉटगन का नाही विचाराल. लांबी रायफलपेक्षा कमी नाही, झटका कितीतरी जास्त, गोळ्या कमी, आणि "नेम धरायला लागत नाही, सगळीकडे छर्रे पसरतात" हे खोटं आहे, खोलीच्या अंतरावर छर्रे मुठीएवढ्या जागेतच लागतात. ९ एमएमची कार्बाइन, म्हणजे रायफलच्या अंगात पिस्तुलाची गोळी, हा मधला पर्याय मी एकदा वापरून बघितलाय. आवाज बराच कमी, बायकोला आवडली, पण लांबी तीच आणि ताकद पिस्तुलाची, म्हणजे काठीचा प्रश्न तसाच राहतो. हाताला त्रास असणाऱ्या, स्लाइड न ओढता येणाऱ्या वयस्कर माणसाला मात्र मी हीच सुचवेन.

शेवटी आमच्या घरात काय ठरलं. पिस्तूल माझ्याकडे, कारण पोरांना आणायला मी जाणार. रायफल बायकोकडे, ती बेडरूमच्या पलीकडच्या कोपऱ्यात बेडच्या आड बसणार, दाराकडे तोंड, फोन स्पीकरवर, आणि सगळे आत आले की दार लावून कोणी कुठे जायचं नाही, टीव्ही न्या, लॅपटॉप न्या, काय न्यायचं ते न्या. ती जागा लोकरीने तपासलेली आहे, त्या रेघेत दाराच्या मागे फक्त पुस्तकांचं भरलेलं कपाट येतं. मी मुलांना घेऊन परत येताना दाराबाहेरून एक शब्द म्हणायचा, तो म्हटल्याशिवाय आत यायचं नाही, कारण आत माझ्यापेक्षा चांगला नेम असलेली बाई रायफल घेऊन बसलीय. शब्द मोठ्या मुलीने निवडला, सांगत नाही पण हसू येईल असा आहे. पोलीस आले की दोन्ही हत्यारं तिजोरीत, हात रिकामे, हे पण फोनवर आधीच सांगायचं.

रायफल कुठे ठेवता, तर भिंतीला बोल्ट केलेल्या उभ्या कपाटात, मॅगझीन लावलेली, चेंबर (नळीच्या मागचा, गोळी उडण्याआधी बसते तो कप्पा) रिकामं. पिस्तुलाचंही चेंबर मी रिकामंच ठेवतो, यावर मित्रांशी भांडणं झालीयत, ते म्हणतात एक सेकंद जातो. जाऊ दे. घरात पाच वर्षांचं पोर आहे. १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, त्यात ज्या घरात बंदूक होती तिथे घरातच खून होण्याचा धोका २.७ पट दिसला, आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचा होता. त्या अभ्यासावर वाद भरपूर झाले, मीही काही सगळा मान्य करत नाही, पण रायफल का पिस्तूल यावर तासन्तास बोलणारा माणूस या आकड्याकडे बघतच नसेल तर त्याने दोन्ही घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. घरात कोणी खूप खचलेलं असेल, दारूचा प्रश्न असेल, भांडणं हातघाईवर जात असतील, तर तिजोरी कितीही भारी असो, हत्यार घराबाहेर.

मार्क द्यायचेत तर देतो. रायफल: नेम ५, घरात फिरणं २, आवाज १, नवख्या माणसाला ५. पिस्तूल: नेम २, फिरणं ५, ठेवायची सोय ४, नवख्याला १, आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जाणार नसाल तर त्या ५ चे पण ३ करा. ठशाची तिजोरी: शून्य. हातातली टॉर्च: ५ पैकी ६.

धाकट्याचा पलंग त्याच रविवारी समोरच्या भिंतीला सरकवला. तो विचारत होता का हलवला, त्याला सांगितलं खिडकीतून ऊन येतं डोळ्यावर. मोठी म्हणाली, खिडकी तर या बाजूला आहे.